बरणीतली म्हातारी

१

"ताई, म्हातारी गेली! फळीवर नाही, कपाटात नाही, कुठंच नाही!"

बेकरीवाल्या आक्काच्या सुनेचा हा फोन सकाळी दहाच्या सुमारास ताईने स्पीकरवर घेतला, तेव्हा सगळी टोळी मधवाल्याच्या अंगणात बसून बोटं चाटत होती. चाटणारी बोटं जागच्या जागी थांबली. मास्तरीणबाईंनी तर डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"अरेरे. वय काय होतं हो?"

"शंभराच्या वर," ताई बोलून गेली, आणि मग तिने जीभ चावली. "अहो, माणूस नाही! खमीर! पावाचं खमीर!"

आता हे समजावून सांगायला हवं. दह्याला जसं विरजण, तसं पावाला खमीर. पीठ आणि पाणी आंबवून केलेला लगदा. थोडा आजच्या कणकेत घालायचा, थोडा राखायचा, राखलेल्याला रोज पीठपाणी भरवायचं. नीट सांभाळला तर तो मरत नाही. आक्काच्या बेकरीतलं खमीर तिच्या सासूला तिच्या सासूकडून मिळालेलं. त्याचं नावच पडलं होतं म्हातारी. काचेची मोठी बरणी, तोंडाला फडकं, मध्यावर लाल दोरा. संध्याकाळी भरवलं की दोऱ्यापाशी असायची, पहाटेपर्यंत फुगून गळ्याला यायची. त्या म्हातारीच्या जिवावर आक्काची भट्टी चालायची आणि आक्काच्या पावावर ताई आणि धाकटी या दोघी बहिणींची टूर.

टूर म्हणजे काय, तर रविवारी चार-सहा पाहुण्यांना सायकलींवर बसवायचं, शेताशेतांतून फिरवायचं, आणि वाटेत पाव, मध, बकरीच्या दुधाचं चीज असं चाखायला घालायचं. पुढे ताई. तिचं तोंड सकाळी सुटलं की संध्याकाळीच मिटायचं. ती मागे वळून कधी बघत नसे. सगळ्यांत मागे धाकटी. पंक्चर काढायचं, दमलेल्याला हुरूप द्यायचा, कुणी चुकून दुसऱ्या वाटेला लागलं तर वळवून आणायचं. गावात ताईला म्हणत डोकं आणि धाकटीला म्हणत शेपूट. धाकटीला त्याचं काही वाटायचं नाही. शेपटीला डोळे असतात, हे लोकांना ठाऊक नाही, एवढंच.

फोनमध्ये आता आक्काचा आवाज घुसला. "तुमच्यातल्याच कुणीतरी नेली! सकाळपासून परकं माणूस दुसरं कोण आलंय घरात? आज दिवस मावळायच्या आत माझी म्हातारी फळीवर आली नाही, तर उद्यापासून तुमच्या सायकली माझ्या दारात दिसता कामा नयेत. आठ वर्षं झाली म्हणून गय करणार नाही मी!"

फोन बंद झाला. ताईच्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप लागलं होतं. आक्काने दार बंद केलं, तर तिच्यामागोमाग मधवाला करणार, चीजवाली करणार. चोरांची टोळी घेऊन फिरणाऱ्या बाया, असं एकदा नाव झालं की संपलं. टूर म्हणजे दोघींची चूल होती.

"तू बघ गं," ताई हळूच धाकटीला म्हणाली. "मला काही सुचत नाहीये."

धाकटीला तरी कुठे सुचत होतं?

२

चार पाहुणे, चार पिशव्या.

मास्तरीणबाई निवृत्त. त्यांच्या पिशवीत एक स्टीलचा डबा होता आणि तो सकाळपासून खुळखुळत होता. त्या आपणहून पुढे आल्या.

"उघडते हो, उघडते. पण हसायचं नाही." डब्यात आक्काच्या पावाचे तीन तुकडे. "कुत्र्यासाठी. मला काही चावले नाहीत. कवळी आहे माझी, आणि तो पाव म्हणजे नुसतं कौल!"

"आज भाजून दिला होता ना," ताई म्हणाली. "सून म्हणत होती, भट्टी नीट पेटली नाही."

दुसरं ते नवं जोडपं. लग्नाला महिना झालेला. नवरा प्रत्येक चढावर बायकोकडे वळून बघायचा आणि प्रत्येक वेळी खड्ड्यात जायचा. बायको निघतानिघता एकटीच बेकरीत परत गेली होती, "गॉगल राहिला" म्हणून. धाकटीने ते पाहिलं होतं. गॉगल तर तिच्या डोक्यावरच होता.

"खरं सांगू?" नवरी लाल झाली. "आक्कांनी दिलेलं सरबत मला पिववेना. साखरेच्या जागी सगळं मीठच होतं. त्या एवढ्या प्रेमाने बघत होत्या, म्हणून पेला तसाच हातात धरला होता. मग मोरीत ओतायला गेले."

"खारट होतं खरं," नवरा म्हणाला. "मी प्यालो."

"मीसुद्धा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, इकडे असंच करतात."

"मोरीपाशी कोण होतं?" धाकटीने विचारलं.

"कुणी नव्हतं. सूनबाई तेवढ्या मागच्या दाराने आत आल्या. मला बघून केवढ्या दचकल्या!"

चौथा विमावाला. निदान अर्जात त्याने तसंच लिहिलं होतं, धंदा विमा. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, कमी बोलणारा. पिशव्या उघडायच्या म्हटल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटीला वाटलं, सापडला बुवा! तिने स्वतः त्याची पिशवी उपडी केली. पाण्याची बाटली, एक सदरा, शेंगदाण्याची पुडी. बस.

म्हणजे ज्याची पिशवी रिकामी, तो घाबरला आणि जिच्या डब्यात पाव, ती खुशाल. धाकटीने डोकं खाजवलं. बरणी काही टाचणी नव्हती. दोन हातांनी उचलायची वस्तू. पाहुण्यांच्या सायकलींना पुढे उघड्या टोपल्या, त्यात मांजर लपणार नाही. मग बरणी गेली कुठे?

"चला," ती म्हणाली. "वाटेत विचार करू."

३

विचार काही पुढे सरकेना.

धाकटी शेवटी राहून पायडल मारत होती आणि समोरच्या चार पाठींकडे बघत होती. माणसं तिला तोंडावरून नीट आठवायची नाहीत. दिवसभर ती पाठीच बघायची. कुणाचा उजवा खांदा झुकलेला, कुणाची टाच आत वळलेली. या वेळच्या पाठींत एक पाठ तिला सकाळपासून खटकत होती, पण का, ते सापडत नव्हतं. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं.

आणखीही काहीतरी होतं. आक्का. सकाळी आक्काने तिला तीन वेळा विचारलं होतं, "आज किती जण गं?" तीन वेळा तिने सांगितलं होतं, चार. तरी आक्काने चार पाहुण्यांसाठी सहा पेले भरले. दमली असेल, असं धाकटीने तेव्हा मनाला सांगितलं.

आणि ती भट्टी. पेटली नाही म्हणे! सकाळी सहाला धाकटी घरासमोर हवा भरत होती, तेव्हा टेकडीखाली आक्काच्या धुराड्यातून रोजच्यासारखा धूर निघत होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मग सून खोटं का बोलली?

तेवढ्यात फट्ट् असा आवाज झाला. नवऱ्याने पुन्हा बायकोकडे बघितलं होतं आणि या वेळी खड्ड्यात खिळा होता.

"सगळ्यांनी सावलीला थांबा," धाकटीने हाक दिली. सायकल उलटी केली, चाक काढलं, आणि नवी ट्यूब काढायला स्वतःच्या मागच्या मोठ्या पिशवीत हात घातला. पंप. पाने. चिंधी. ट्यूब. ट्यूबच्या खाली काहीतरी गार, गुळगुळीत, गोल.

तिने हात मागे घेतला. पुन्हा घातला. काच होती. वर फडकं होतं.

"काय गं बाई, काय झालं?" मास्तरीणबाई वाकून बघायला आल्या, आणि त्यांनी पाहिलं.

सगळ्यांनी पाहिलं. लाल दोरा बांधलेली बरणी धाकटीच्या हातात होती.

"वा!" मास्तरीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आमच्या पिशव्या उपड्या करत होतात ना? कुंपणानेच शेत खाल्लं की!"

४

"तू नाही घेतलीस," ताई म्हणाली. मग जरा थांबून, "नाहीच ना घेतलीस?"

धाकटीने तिच्याकडे असं बघितलं की ताईने कान धरले.

"मग प्रश्नच मिटला! सापडली ना? मी आत्ता फोन करते आक्काला. म्हणते, चुकून आली पिशवीत."

"चुकून? पायांनी चालत?" धाकटी म्हणाली. "थांब जरा. मला नीट बघू दे."

तिने बरणी झाडाखाली दगडावर ठेवली. ऊन मी म्हणत होतं. पिशवी काळ्या कापडाची, उन्हात तव्यासारखी तापायची. त्या तापलेल्या पिशवीत ही बरणी निदान तीन तास होती. तिने आक्काकडे उन्हाळे काढले होते, म्हातारीचा स्वभाव तिला पाठ होता. एवढ्या उबेत म्हातारी तासाभरात दोरा ओलांडते. तीन तासांत फडकं फेकून बाहेर यायला हवी होती. ट्यूब, पाने, चिंधी, सगळं बरबटायला हवं होतं.

लगदा बरोब्बर दोऱ्यापाशी होता. एक बुडबुडा नाही.

धाकटीने फडकं सोडलं, बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. दुसऱ्याच क्षणी थुंकली.

"काय?" ताईने विचारलं.

"ताई, तू फोन करू नकोस. कुणालाच करू नकोस. पाहुण्यांना चीजवालीकडे ने, जेवायला घाल, मी तासाभरात येते."

"अगं पण सापडली ना म्हातारी?"

"सापडली," धाकटी म्हणाली. "पण मेलेली आहे. ही चोरीला जायच्या आधीच मेली होती."

ताई बघतच राहिली. मेलेलं खमीर चोरून कुणाला काय मिळणार, हे तिच्या डोक्यात शिरेना. खरं तर धाकटीच्याही पुरतं शिरलं नव्हतं. पण एक दोरा हाताला लागला होता.

५

बेकरीच्या मागच्या दारी सून पातेली घासत होती. धाकटीची सायकल बघून तिच्या हातातलं पातेलं दगडावर आपटलं.

"आक्का कुठे आहेत?"

"पुढे. दारात खुर्ची टाकून बसल्यात. तुमची वाट बघतायत." सुनेने पदराने हात पुसले. "मिळाली का हो?"

"तूच सांग. तूच ठेवलीस ना माझ्या पिशवीत?"

सून पुन्हा पातेल्याकडे वळली.

"मी बोलते, चुकलं तर सांग," धाकटी दगडावर टेकत म्हणाली. "रात्रभर ठेवलेली कणीक आज फुगलीच नाही. पहाटे भट्टी पेटवलीस, पाव भाजलेस, ते विटांसारखे झाले. धूर मी पाहिलाय, तेव्हा भट्टी पेटली नाही हे मला सांगू नकोस. मग ते पाव दडवून कालचे शिळे भाजून दिलेस. म्हातारी मेलीये, हे तुला पहाटेच कळलं. तिच्यात मीठ पडलंय. मूठभर."

"माझ्याच हातून पडलं," सून घाईने म्हणाली. "माझीच चूक. मी घाबरले, म्हणून..."

"खोटं. तुझी चूक असती, तर तू आक्कापुढे उभी राहिली असतीस, चार शिव्या खाल्ल्या असत्यास आणि मोकळी झाली असतीस. मी ओळखत नाही का तुला? चार शिव्यांसाठी तू दुसऱ्यावर चोरीचा आळ येऊ देणारी नाहीस." धाकटीचा आवाज खाली आला. "सकाळी सरबत कुणी केलं होतं गं?"

सुनेचे डोळे भरून आले.

आत फळीवर दोन सारखे डबे शेजारी शेजारी होते. एकात म्हातारीला भरवायचं पीठ, दुसऱ्यात मीठ. चाळीस वर्षं आक्काचा हात न बघता बरोबर डब्यात जायचा.

"चार महिने झाले," सून हुंदका दाबत म्हणाली. "आधी किल्ल्या विसरायच्या. मग दिवस विसरायला लागल्या. मला कधी कधी माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारतात. काल संध्याकाळी म्हातारीला भरवलं, ते मीठ. मी पाहिलं नाही हो, नाहीतर हात धरला असता. पहाटे चाखलं तेव्हा कळलं. त्यांना कसं सांगू? सासूकडून आलेली ती वस्तू. त्या म्हणतात, ही बरणी फुटेल तेव्हा मी फुटेन. आपल्याच हाताने मारली, हे कळलं तर खचतील त्या. चोरीला गेली म्हणजे कुणावर तरी चिडता तरी येतं."

"आणि ते कुणीतरी म्हणजे मी?"

"नाही हो! तुम्हाला बाजूला घेऊन सांगणार होते. ओढ्यात सोडा, म्हणून. माझ्या हाताने टाकवेना. घरातून नेऊ म्हटलं तर आक्कांच्या नजरेतून काही सुटत नाही. तुमची सायकल मागच्या दाराशी होती, म्हणून तळाशी ठेवली. तेवढ्यात ती नवी नवरी मोरीवर. मग आक्कांनी हाक मारली, आणि तुम्ही निघालात. मला वाटलं, म्हातारीला भरवायची वेळ संध्याकाळची, तोवर तुम्हाला फोन करेन. पण आक्का सकाळी दहालाच खुर्चीतून उठल्या, म्हणाल्या, संध्याकाळ झाली, भरवते. आणि फळी रिकामी."

म्हणूनच! धाकटीला फोन आल्यापासून हेच छळत होतं. रोज संध्याकाळी उघडायची बरणी आक्काने सकाळी दहाला शोधलीच कशाला?

आता सगळा गुंता सुटला होता. आणि सुटून उपयोग काहीच नव्हता. खरं सांगावं तर आक्का मोडणार. गप्प बसावं तर दोघी बहिणी चोर ठरणार. आणि काही केलं तरी म्हातारी परत येणार नव्हती. नवं खमीर धरायला पंधरा दिवस लागतात, आणि ते धरलं तरी आक्काच्या जिभेला फसवणार कोण?

"आता काय करायचं?" सुनेने विचारलं.

"मला माहीत नाही गं," धाकटी म्हणाली, आणि तिला खरोखरच माहीत नव्हतं. निघताना सुनेने तिचा हात धरला. तिच्या गोऱ्या मनगटावर आडवे तपकिरी डाग होते. एकाखाली एक, तीन. भट्टीत हात घालताना वरची लोखंडी कड लागते, त्याचे. आक्काच्या हातावर तसेच वीसेक होते.

धाकटी त्या डागांकडे बघत राहिली. असे डाग तिने आज आणखी कुठेतरी पाहिले होते.

६

चीजवालीकडचं जेवण उरकून टोळी परतीच्या वाटेला लागली. धाकटी शेवटी. समोर चार पाठी.

विमावाल्याने उन्हामुळे बाह्या वर सरकवल्या होत्या. उजव्या हातावर आडवे डाग. विम्याच्या कागदांनी असे डाग पडतात होय!

आणि मग तिला ती पाठ आठवली. उजवा गुडघा प्रत्येक फेरीला बाहेर फेकणारी, चढावर मान डावीकडे टाकणारी पाठ. गेल्या वर्षी, शेवटच्या टूरला. तेव्हा त्याला छातीपर्यंत दाढी होती. तोंडावरून ताईने ओळखलं नसतं, देवाने ओळखलं नसतं. पण गुडघा कुणाला कापून टाकता येत नाही.

आठ वर्षांत शेपूट पहिल्यांदा पुढे आलं. धाकटीने त्याच्या बाजूला सायकल घेतली.

"विम्याच्या धंद्यात हात भाजतात का हो?"

त्याची सायकल वळवळली.

"तुम्ही गेल्या वर्षी आला होतात. आज म्हणालात, पहिल्यांदाच येतोय. बेकरी आहे तुमची. पिशव्या तपासताना पिशवी रिकामी असून तुम्हाला घाम फुटला, कारण चोरी तुम्ही आज केलीच नव्हती. गेल्या वर्षी केली होतीत. बरोबर?"

तो सायकलवरून उतरला. पाहुणे पुढे गेले. ताईने अर्थातच मागे वळून पाहिलं नाही.

"एक चमचा," तो खाली बघत म्हणाला. "फक्त एक चमचा घेतला होता, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. मागितलं होतं आधी. आक्का म्हणाल्या, लेक देईन पण म्हातारी देणार नाही. मग मोह झाला. शहरात नेऊन वाढवली. माझं दुकान तिच्यावरच चालतं. पण पाव काही आक्कांसारखा होत नाही. म्हणून आलो होतो, त्या मळतात कसं, हात कसा फिरवतात, ते बघायला. मला पोलिसात देणार का?"

धाकटीने हँडल घट्ट धरलं. तिला हसू येत होतं, रडू येत होतं आणि त्याच्या थोबाडीतही द्यावीशी वाटत होती. तिन्ही एकदम.

"वाढवली म्हणालात? म्हणजे जिवंत आहे?"

"जिवंत? रोज बरणीबाहेर येते!"

"दुकानात आत्ता कोण आहे?"

"बायको."

"फोन लावा," धाकटी म्हणाली. "म्हणावं, गाडी काढ आणि बरणी मांडीवर धरून ये. पाचच्या आत."

"म्हणजे? मला काहीच समजत नाहीये."

"माझी सकाळ कशी गेली, ते आता तुम्हाला कळलं," धाकटी म्हणाली, आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मीठ, सून, दहाची वेळ. शेवटी ती म्हणाली, "आक्कापुढे उभं राहून कबूल करायचं. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. 'म्हातारी मी चोरली.' खरंच आहे ते. फक्त कोणत्या साली, ते सांगायचं नाही."

"सगळ्यांसमोर?"

"चोरी एकट्याने केलीत. कबुली चारचौघांत द्या. हिशेब बरोबर बसतो."

७

पावणेपाचला त्याची बायको आली. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने नवऱ्याकडे असा कटाक्ष टाकला, की आक्का देईल ती शिक्षा त्यापुढे सौम्यच ठरावी. धाकटीने ओढ्यावर जाऊन आक्काची बरणी धुतली. मिठाचा कण राहता कामा नये, म्हणून सायकलची साखळी घासावी तशी आतून, बाहेरून, गळ्याला, सगळीकडे घासली. दुसऱ्या बरणीतली म्हातारी तिच्यात ओतली. फडकं बांधलं. लाल दोरा नीट केला.

आक्का दारात खुर्चीवर बसली होती. मांडीवर लाटणं.

विमावाला पुढे झाला. बरणी दोन्ही हातांत धरलेली, कान लाल.

"आक्का, तुमची म्हातारी मी चोरली. चूक झाली. ही घ्या."

"अगं बाई, हा!" मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि धाकटीकडे वळून, "माफ करा हो. मी भलतंच बोलले."

नवरा-नवरी एकमेकांकडे बघत राहिली. बरणी तर शेपूटबाईंच्या पिशवीत होती, मग हा कसा चोर? नवरीने तोंड उघडलं. ताईने तिच्या पायावर पाय दिला. ताईला तरी सगळं कुठे कळलं होतं, पण कधी गप्प बसवायचं, ते तिला कळत होतं.

आक्काने बरणी घेतली. फडकं सोडलं. वास घेतला. करंगळीने चाखलं. डोळे मिटले.

"आहे," आक्का म्हणाली. "माझीच आहे. कुठलं तरी नळाचं पाणी प्यालीये मेली, पण माझीच आहे."

सुनेने भिंतीला टेका दिला.

आक्काने फडकं परत बांधायला घेतलं, आणि तिचा अंगठा बरणीच्या गळ्यावर थांबला. तिथे चाळीस वर्षांची खपली होती. सुकलेल्या पिठाचा थर, दगडासारखा. आक्काने तो कधी कुणाला धुवू दिला नव्हता. आता काच लख्ख होती. आक्काने गळ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग तिने मान वर करून सुनेकडे बघितलं. सुनेने नजर खाली केली. मग आक्काने धाकटीकडे बघितलं. जास्तीचं काम नडलं होतं. चोर कधी बरणी धुतो का?

आक्काने फडक्याची गाठ मारली. मग ती विमावाल्याकडे वळली.

"हात बघू."

त्याने हात पुढे केले. आक्काने डाग मोजले.

"तीनच? आणि म्हणे चोर! बाह्या वर कर, हात धू आणि आत जा. पंधरा किलो मळायचंय. मी शेजारी बसून सांगीन. चुकलास तर लाटणं आहे." ती थांबली. "आणि जाताना वाटीभर घेऊन जा. लेकीला सासरी देतात तशी. पुन्हा चोरायची वेळ येऊ नये."

"तिथेही राहू दे एक," ती पुटपुटली. "दोन घरं असलेली बरी."

पाहुणे पावांच्या ऑर्डरी सांगायला लागले, ताईचं तोंड पुन्हा सुरू झालं. धाकटी सायकली भिंतीला लावत होती, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला आतलं दिसलं. आक्का फळीपुढे उभी होती. दोन सारख्या डब्यांपुढे. तिने एक उघडला, चाखला, बंद केला. मग तो सुनेच्या हातात दिला.

"हे मीठ आजपासून वरच्या फळीवर ठेव," आक्का म्हणाली. "अगदी वर. माझा हात पोचणार नाही असं."

"आक्का..."

"आणि म्हातारीला आज तू भरव. मी बघते. जमतं का तुला."

सुनेने पिठाचा डबा उघडला. आक्काने तिचं मनगट धरलं, आणि दोघींनी मिळून मूठ भरली.